अथेनराय वाचायचं कसं: आधी तट, शेवटी कॅसल

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॅलवे शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर अथेनराय नावाचं छोटं गाव आहे. येणारे बहुतेक जण स्टेशनवर उतरतात, थेट कॅसल गाठतात, तिकीट काढून वर-खाली हिंडतात आणि तासाभरात परतीच्या गाडीत बसतात. हा क्रम उलटा करा. निव्वळ कॅसलच पाहायचा असेल तर मीथ काउंटीतल्या ट्रिम गावचा याहून कितीतरी मोठा आहे. अथेनरायची खासियत वेगळी आहे. इथल्या मध्ययुगीन तटबंदीचा सुमारे सत्तर टक्के भाग अजून उभा आहे आणि त्या तटाच्या आत आजही मोकळी शेतं आहेत. जेवढा तट घातला तेवढं गाव कधी भरलंच नाही. हे एकदा पायी फिरून लक्षात आलं की वेस, बाजार, मठ आणि कॅसल यांची संगती आपोआप लागते.

पूर्ण फेरीला चार तास धरा. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, गॅलवेहून वीसेक मिनिटं. लिमरिक-गॅलवे मार्गावरच्या गाड्याही इथे थांबतात. स्टेशनवरून गावात चालतच जायचं.

आदल्या दिवशी: नकाशा

ही पायरी गाळू नका. नकाशाविना गेलात तर तटाचे तुकडे घरांच्या आणि शेतांच्या कुंपणांत मिसळून जातात, आणि कुठली भिंत कुठल्या काळातली हे जागेवर कळत नाही.

दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. एक म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणीखात्याचा पहिला 'सहा इंची' नकाशा. सहा इंचांना एक मैल अशा प्रमाणात १८२९ ते १८४२ या काळात सगळ्या देशाची मोजणी झाली, त्यातला हा. रेल्वे यायच्या आधीचं गाव त्यात दिसतं. दुसरी म्हणजे नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिस या सरकारी पुरातत्त्व खात्याचा 'हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर' हा ऑनलाइन नकाशा. त्यात नोंद झालेल्या प्रत्येक पुरातन जागेवर ठिपका असतो. ठिपक्यावर टिचकी मारली की नोंद क्रमांक येतो (गॅलवे काउंटीचे क्रमांक 'जीए' अक्षरांनी सुरू होतात) आणि बऱ्याच ठिकाणी वर्णनही मिळतं. ठिपका जागेचा मध्य दाखवतो, कड नाही. तटासारख्या लांबलचक वास्तूच्या बाबतीत त्या ठिपक्यापाशी जाऊन 'इथे तर काहीच नाही' म्हणणारे पुष्कळ असतात. तट पाहायचा तर रेघ पाहावी लागते.

जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर अर्धपारदर्शक करून ठेवा आणि तटाची रेघ कागदावर उतरवून घ्या. बुरुजांना गोल, वेशींना फुली, आणि रेघ जिथे तुटते तिथे प्रश्नचिन्ह. जवळपास दोन किलोमीटरचा घेर होतो. मूळ सहा बुरुजांपैकी पाच टिकले आहेत. वेशींपैकी फक्त उत्तरेची उभी आहे. स्वॉनगेट, लोरो गेट अशा बाकीच्यांची नावं तेवढी राहिली. रेघ उतरवतानाच ध्यानात येईल की घरांची दाटी एका बाजूला आहे आणि दक्षिणेकडे तटाच्या आत नुसतं हिरवं.

सोबत काय घ्यायचं

पाण्याला दाद न देणारे, घोट्याच्या वर येणारे बूट. छोटी दुर्बीण, कारण कोरीव दगड आणि चर्या (भिंतीच्या माथ्यावरचे दातरे) नजरेच्या बऱ्याच वर असतात. विजेरी. पाच मीटरचा टेप आणि फोटोत मापासाठी ठेवायला फूटपट्टी. रेनकोट घ्या, इथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.

मेटल डिटेक्टर घरीच राहू द्या. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी लेखी परवानगीशिवाय तो वापरणं गुन्हा आहे, आणि संरक्षित स्मारकाच्या जागी तो नुसता जवळ बाळगणंही गुन्हाच. 'मी चालू केलाच नव्हता' हे कारण चालत नाही.

दिवस एप्रिल-मेमधला निवडा. हिवाळ्यात कॅसल बंद असतो आणि डिसेंबरात साडेचारच्या आतच अंधारून येतं. जुलैत दिवस मोठा असतो खरा, पण तटाच्या पायथ्याशी कमरेएवढी नेटलची झुडपं माजलेली असतात. ती अंगाला लागली की चांगलीच आग होते, आणि भिंतीचा जो भाग सर्वांत जास्त बोलतो तोच त्यांच्याआड जातो. कॅसलची वेळ आणि तिकिटाचा दर (मोठ्यांना पाच युरोच्या आसपास) निघण्यापूर्वी 'हेरिटेज आयर्लंड'च्या संकेतस्थळावर पाहून घ्या, कारण वेळा हंगामाप्रमाणे बदलतात.

पहिला टप्पा: दक्षिणेचा तट, सकाळी

सकाळीच का, तर तिरप्या उन्हासाठी. दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन समोरून पडतं आणि सगळा दर्शनी भाग सपाट दिसतो. सकाळी दहाच्या आधी किंवा संध्याकाळच्या थोडं आधी ऊन भिंतीला घासून जातं. मग प्रत्येक दगडाची कड, बुजवलेलं भोक आणि नंतरच्या डागडुजीची शिवण सावलीने उठून दिसते. आभाळ भरलेलं असेल तर विजेरी भिंतीला टेकवून आडवी धरा. हाताएवढ्या भागापुरतं तेच काम होतं.

तटाचा काही भाग रस्त्यावरून दिसतो, काही खाजगी शेतांतून जातो. शेतात शिरायचं तर आधी विचारा, उघडलेलं फाटक पुन्हा लावा, आणि कुत्रा सोबत असेल तर गाई-मेंढ्यांच्या शेतात पाऊलही टाकू नका.

भिंतीपुढे उभं राहिलात की पायापासून वर पाहत जा. पायाशी जमीन खोलगट आहे का? तटाबाहेर काही ठिकाणी खंदकाची खूण टिकून आहे. बुजल्यामुळे ती रुंद, उथळ घळीसारखी दिसते. गवत तिथे जास्त हिरवं असतं आणि पावसानंतर पाणी साठतं.

मग जाडी. मध्ययुगीन तट सहसा एक मीटरच्या वर जाड असतो, तर एकोणिसाव्या शतकातली शेताची किंवा इस्टेटीची भिंत साधारण अर्ध्या मीटरची. भिंत तुटलेली असेल तिथे टेप लावा. जाड भिंतीत दोन्हीकडे बांधीव दर्शनी थर आणि मधे चुन्यात कालवलेल्या दगडगोट्यांची भर दिसली, तर ती जुनी असण्याची शक्यता मोठी. पातळ भिंतीत दगड आरपार जातात. सर्वाधिक फसगत इथेच होते. नंतरच्या काळात तटाच्याच रेघेवर, तटाचेच पडके दगड घेऊन कुंपणं रचली गेली. दगड जुने, रेघ जुनी, भिंत मात्र नवी.

चुन्याकडे नीट बघा. जुना चुना पांढुरका किंवा पिवळसर असतो आणि त्यात नीट न विरलेल्या चुन्याचे पांढरे खडे डोळ्यांना दिसतात. करडा, कठीण, काचेसारखा तुटणारा मसाला म्हणजे सिमेंट, अर्थात विसाव्या शतकातली दुरुस्ती. अशी दुरुस्ती वाईट का, हेही तिथेच पाहायला मिळतं. भिंतीत शिरलेलं पावसाचं पाणी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडून वाळतं. सिमेंट ती वाट बंद करतं, पाणी आत कोंडतं, आतली भर भुसभुशीत होते आणि अखेर दर्शनी थर पोट काढून पुढे येतो. असा फुगवटा दिसला तर त्याच्याखाली थांबू नका.

आयव्हीच्या वेलीचंही तसंच. तिची मुळं सांधे फोडतात, पण जून झालेली वेल बऱ्याचदा सुटे दगड धरूनही ठेवते. ओढून काढली की दगड तिच्यासोबत खाली येतात. संवर्धनाचं काम करणारे ती मुळाशी कापतात, जागेवर सुकू देतात आणि सांधे चुन्याने भरत भरत थोडी थोडी उतरवतात. पाहुण्याने तिला हात न लावलेला बरा.

भिंतीत आडव्या ओळीत चौकोनी भोकं दिसतील. ती जंग्या (बाण मारायच्या फटी) नव्हेत. बांधकामाच्या वेळी परांचीची आडवी लाकडं खोवायची ती जागा. एका ओळीपासून वरच्या ओळीचं अंतर मोजलंत तर गवंडी एका परांचीवर उभा राहून किती उंची बांधत होता ते कळतं. जंगी ओळखायची साधी खूण अशी: बाहेरून चिंचोळी उभी फट आणि आत गेल्यावर दोन्ही बाजूंनी पसरत जाणारा कोनाडा. आत उभं राहून डावी-उजवीकडे सरकलं की त्या बोटभर फटीतून बाहेरचा बराच मोठा टापू नजरेत येतो. बाहेरून रुंद असलेलं भोक बचावासाठी नव्हतं.

आता तटाला पाठ करून आतल्या शेताकडे तोंड करा. १३१० मध्ये अथेनरायला 'म्यूरेज' मिळालं. गावात विक्रीला येणाऱ्या मालावर जकात घेऊन तिच्या पैशातून तट बांधायची ही इंग्लंडच्या राजाची परवानगी. त्यानंतर १० ऑगस्ट १३१६ रोजी गावाबाहेर मोठी लढाई झाली. कॉनाख्टचा (पश्चिम आयर्लंडचा) राजा फेलिम ओकॉनर तीत पडला. समोर विल्यम लिआथ द बर्ग आणि रिचर्ड द बर्मिंगहॅम हे अँग्लो-नॉर्मन सरदार होते. मेलेल्यांची शस्त्रं-चिलखतं विकून तटाचा खर्च भागवला असं इतिवृत्तं सांगतात. एवढा मोठा घेर घातला तो गाव वाढणार या हिशेबाने. तो हिशेब चुकला. माणसं थोडी आणि राखायची भिंत लांब, अशी पंचाईत झाली. सोळाव्या शतकात, १५७० च्या दशकात, मधून आडवी भिंत घालून गाव निम्म्यावर आणायचं काम काढलं होतं. क्लॅनरिकार्डचा अर्ल या इथल्या बड्या सरदाराच्या मुलांनी हल्ला करून तेही उधळलं. तुमच्या समोरचं रिकामं शेत म्हणजे या सगळ्याचा ताळेबंद. म्हणून सुरुवात इथून.

दुसरा टप्पा: उत्तर वेस आणि बाजार

तटाच्या कडेने, जिथे जाता येईल तिथून, उत्तर वेशीकडे या. कमानीखालून आजही वाहनं जातात, तेव्हा मान वर करून रस्त्याच्या मध्यावर उभं राहू नका. आधी बाहेरून, मग आतून, असं दोनदा पाहा. बाहेरची बाजू बंद आणि चिंचोळ्या फटींची, आतली त्या मानाने मोकळी. शत्रू कुठून अपेक्षित होता ते त्यावरून कळतं. कमानीच्या आत बाजूच्या भिंतींवर दाराच्या बिजागरीची किंवा अडसराची भोकं शोधा. अडसराचं भोक खोल असतं, कारण दार उघडं असताना अख्खं लाकूड भिंतीत सरकवून ठेवायचं.

वेशीतून नॉर्थगेट स्ट्रीटने थेट बाजाराच्या चौकात पोचता. चालताना दुकानांच्या पाट्यांपेक्षा त्यांची रुंदी बघा. दर्शनी बाजू अरुंद आणि मागे लांबच लांब परडं, ही मध्ययुगीन भूखंडांची ठेवण आहे. घरं पुन्हा पुन्हा नवी झाली तरी जमिनीच्या हद्दी हलल्या नाहीत. जुन्या नकाशावर या पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात.

चौकातला क्रूस पाहायला पाच मिनिटं पुरतात, पण ती द्याच. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा बाजारक्रूस आयर्लंडमध्ये आपल्या मूळ जागी उभा राहिलेला एकमेव मध्ययुगीन बाजारक्रूस मानला जातो. मूळ वस्तूतलं शिल्लक आहे ते मुख्यतः वरचं कोरीव डोकं: एका अंगाला क्रूसावरचा ख्रिस्त, दुसऱ्या अंगाला बाळाला घेतलेली मेरी. पायऱ्यांवरून काळ ठरवू नका. कोरीव काम पावसाने झिजल्यामुळे समोरून काही कळत नाही. नव्वद अंशांत बाजूला सरकून कडेने पाहिलं की कपड्यांच्या चुण्या दिसू लागतात.

जवळच सेंट मेरीचं चर्च आहे. इथे एकात एक दोन इमारती आहेत: तेराव्या शतकात सुरू झालेल्या आणि सोळाव्या शतकातल्या हल्ल्यांत पडलेल्या मोठ्या चर्चचे अवशेष, आणि त्यांच्या आत १८२८ मध्ये उभारलेलं, टोकदार मनोऱ्याचं लहान प्रोटेस्टंट चर्च. पुढे त्याचंच हेरिटेज सेंटर झालं. मनोरा पाहून सगळंच मध्ययुगीन समजू नका.

तिसरा टप्पा: डॉमिनिकन मठ

क्लॅरिन नदीच्या बाजूला, कॅसलपासून थोडं दक्षिणेला. फाटकाला कुलूप असू शकतं, म्हणून किल्लीची चौकशी आधी कॅसलच्या तिकीट खिडकीवर करून घ्या. इथे पाऊण तास सहज जातो.

गावाचा संस्थापक मेलर द बर्मिंगहॅम याने १२४१ मध्ये डॉमिनिकन साधूंना ही जागा दिली, आणि १२५२ मध्ये त्याला इथेच पुरलं. १४२३ मध्ये आग लागली, मग दुरुस्ती; इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याने १६५२ मध्ये पुन्हा नासधूस केली; साधूंच्या राहत्या इमारती १७५० मध्ये पाडून तिथे सैनिकांची बराक बांधली. म्हणूनच चर्च आहे आणि त्याला लागून असायला हवा तो चौकोनी पडवीचा चौक नाही. शोधत बसू नका.

काळ ओळखायला दोन खुणा पुरतात. पहिली खिडकीचा आकार. उंच, अरुंद, टोकदार अशा ओळीने लावलेल्या खिडक्या तेराव्या शतकातल्या. उभ्या दगडी दांड्या वर जाऊन एकमेकींना छेदतात अशी जाळी किंवा बदामी वळणाचा माथा दिसला की तुम्ही पंधराव्या शतकात आलात. पूर्वेच्या भिंतीत मोठ्या कमानीची कड भिंतीत बुजलेली आणि तिच्या पोटात लहान खिडकी बसवलेली दिसते. आगीनंतरची काटकसर ती.

दुसरी खूण छिन्नीची, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खिडकीच्या चौकटीच्या दगडावर तिरपं ऊन किंवा विजेरीचा उजेड पाडा. बारीक, समांतर, तिरक्या रेघा असतील तर काम तेराव्या शतकाच्या आसपासचं. टोकदार छिन्नीने ठोकून केलेले ठिपके आणि कडेने गुळगुळीत पट्टी असेल तर पंधराव्या-सोळाव्या शतकातलं. दगडाच्या कडेला अर्धगोल उभी पन्हळ म्हणजे ड्रिलची खूण. तो दगड बराच अलीकडे फोडलेला. एका दगडावरून निकाल देऊ नका, कारण जुने दगड नव्या कामात वापरायची रीत सगळ्या काळांत होती. शेजारचे चार-पाच दगड एकच सांगत असतील तरच धरा.

जमिनीवरच्या थडग्यांच्या शिळांत एक १६८२ सालची आहे. तिच्यावर लोहाराची अवजारं कोरली आहेत: ऐरण, भाता, सांडशी, नाल. पायाखाली असल्याने लोक तिच्यावरून चालत जातात. बाजूने वाकून, विजेरी जमिनीला टेकवून पाहा. फोटो काढायचा तर शिळेवर खडू किंवा पीठ चोळू नका, कागद ठेवून घासून ठसाही घेऊ नका. झिजलेल्या चुनखडीला तेवढंही सोसत नाही. आतच लेडी मटिल्डा बर्मिंगहॅमचं अठराव्या शतकाच्या अखेरचं स्मारक आहे. ते शेजारच्या दगडांपेक्षा रेखीव दिसतं, कारण तो दगड नाहीच. 'कोड स्टोन' नावाची ती साच्यात घालून भट्टीत भाजलेली कृत्रिम शिळा आहे.

शेवटी कॅसल

आता तटाची मापं, जंग्यांचे आकार आणि छिन्नीच्या खुणा डोळ्यांत आहेत, तेव्हा इथे मार्गदर्शकाशिवायही बरंच कळेल. बाहेरून पायथा पाहा: भिंत खाली तिरकी पसरते. त्यामुळे पाया खणून काढणं अवघड होतं. मग दार. ते पहिल्या मजल्यावर आहे. आजचा लाकडी जिना नवा आहे. मूळचाही जिना लाकडीच असावा, म्हणजे वेळ आली की तोडून टाकता येईल. दाराच्या खांबांच्या माथ्यावर पानाफुलांचं कोरीव काम आहे. पश्चिम आयर्लंडमधल्या तेराव्या शतकातल्या गवंड्यांची ती शैली. लढाऊ इमारतीच्या दाराला एवढा नखरा का, याचं उत्तर आत गेलं की मिळतं. पहिल्या मजल्यावर एकच मोठं दालन आहे. मालक लोकांना इथेच भेटायचा, न्याय इथेच व्हायचा. तळघर साठवणीचं.

तळघरातलं कमानीचं दगडी छत नंतरचं आहे. आयर्लंडमध्ये उत्तर मध्ययुगातल्या अशा छतांखाली विजेरी फिरवण्याची सवय ठेवा. कमान बांधताना खाली वेताच्या किंवा डहाळ्यांच्या चटया आधाराला लावत, आणि ओल्या चुन्यावर त्यांची वीण उमटून तशीच राहते.

सगळ्यात मजेची गोष्ट बाहेर, इमारतीच्या अरुंद बाजूला. चाळीसेक पावलं मागे जाऊन दुर्बीण लावा. वरच्या त्रिकोणी भिंतीत तेराव्या शतकातल्या चर्या अडकलेल्या दिसतील, त्यांतल्या उंच जंग्यांसह. पंधराव्या शतकात नवं उतरतं छप्पर घालताना त्या पाडल्या नाहीत; मधल्या फटी भरून त्रिकोण पुरा केला. भरलेल्या फटींच्या उभ्या शिवणी साफ दिसतात. त्यावरचं आजचं छप्पर मात्र विसाव्या शतकाच्या अखेरचं, ते मोजणीत धरू नका.

फेरीत कुठे ताजा पडलेला दगड किंवा सुटलेला सांधा दिसला तर दगड उचलून परत बसवू नका, बाजूलाही ठेवू नका. तो कुठून पडला हे पडलेल्या जागेवरूनच ठरतं. फूटपट्टी शेजारी ठेवून एक जवळचा आणि एक आजूबाजूचं दाखवणारा असे दोन फोटो काढा, नकाशावर खूण करा आणि गॅलवे काउंटी कौन्सिलच्या हेरिटेज अधिकाऱ्याला किंवा नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसला, नोंद क्रमांकासह, ईमेल करा.